पुढच्या मुक्कामाला गेलेले सोबती

(शताब्दी सोहळ्यात, काल्याच्या आदल्या संध्याकाळी वैकुंठवासी वारकऱ्यांच्या स्मरणसभेत झालेले भाषण)





आपल्या दिंडीला 100 वर्षे पूर्ण झाली. आज मंडपात जेवढे बसलो आहोत, त्याहून कितीतरी जास्त माणसं या पताकेखाली चालून पुढच्या मुक्कामाला गेली. आजची संध्याकाळ त्यांची आहे. गेलेल्या सोबत्यांचं स्मरण कसं करावं, हा विषय मला दिलाय. मी काही विद्वान नाही. पण संतांनी हे स्वतः करून दाखवलंय, तेवढं सांगतो.

माउलींनी शके 1218, म्हणजे इसवी सन 1296 मध्ये, कार्तिक वद्य त्रयोदशीला आळंदीत समाधी घेतली. वय अवघं 21. नामदेवराय त्यांच्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठे. दोघांनी मिळून तीर्थयात्रा केलेली. असा जिवाचा सोबती गेला, आणि नामदेवराय त्यानंतर 54 वर्षं जगले. या 54 वर्षांत त्यांनी काय केलं?

पहिलं म्हणजे ते रडले. समाधीच्या अभंगांत तो शोक उघडा आहे, झाकलेला नाही. वारकरी झाला म्हणून डोळ्याला पाणी येऊ नये, असं आपल्या पंथात कुणी सांगितलेलं नाही. दुसरं, त्यांनी सोबत्याची हकिगत सांगून ठेवली. आदी, तीर्थावळी, समाधी. माउलींबद्दल आज आपल्याला जे ठाऊक आहे, त्यातलं पुष्कळसं या अभंगांमुळे ठाऊक आहे. आणि तिसरं, दोघांनी मिळून धरलेलं काम त्यांनी एकट्यानं पुढे नेलं. हरिनाम घेऊन थेट पंजाबात घुमानपर्यंत गेले. त्यांची 61 पदं आज शीख बांधवांच्या गुरू ग्रंथ साहिबात आहेत.

आजही कार्तिकीला नामदेवरायांची पालखी पंढरपुराहून आळंदीला येते. त्रयोदशीला समाधीसोहळ्याचं कीर्तन नामदेवरायांचे वंशज, नामदास महाराज मंडळी करतात. सव्वासातशे वर्षं झाली. मित्राच्या पुण्यतिथीला मित्राच्या घरचं माणूस अजून उभं राहतंय. आपण वर्षश्राद्ध घातलं की सुटलो म्हणतो. इथं सव्वासातशे वर्षं कुणी सुटायला तयार नाही!

दुसरी गोष्ट चोखोबांची. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू होतं. भिंत कोसळली आणि चोखोबा इतर मजुरांबरोबर खाली गाडले गेले. मजूर मेला तर विचारतो कोण? परंपरा सांगते की नामदेवराय पंढरपुराहून मंगळवेढ्याला गेले, त्या ढिगाऱ्यात बसले आणि एकेक हाड कानाला लावलं. ज्यातून विठ्ठलनाम ऐकू आलं, ती हाडं चोखोबांची. ती आणून त्यांनी महाद्वारापाशी समाधी दिली. ज्याला हयातीत देवळात पाऊल टाकू दिलं नाही, त्याला सोबत्यानं देवाच्या दारात जागा मिळवून दिली. मंडळी, स्मरण म्हणजे हे. ज्याचं नाव जगानं मोजलं नाही, त्याला ढिगाऱ्यातून शोधून काढणं.

तुकोबाराय आणि संताजी जगनाडे यांचंही तसंच. तुकोबाराय गेले, पण त्यांचे शब्द राहिले, कारण संताजींसारख्या सोबत्यांनी ते वहीत उतरवून जपले. आपण काकड्याला जे म्हणतो, त्यात त्या लिहिणाऱ्या हाताचाही वाटा आहे.

आता आपल्या दिंडीकडे येतो. 2020 आणि 2021 साली पायी वारी झाली नाही. पादुका बसनं पंढरीला गेल्या आणि आपण घरीच टाळ धरून बसलो. 2022 ला पुन्हा चालायला लागलो, तेव्हा ओळीत जागा रिकाम्या दिसल्या. काही आजारानं गेले, काही वयानं, काहींना नीट निरोपही देता आला नाही. तो सल इथं बसलेल्या किती जणांच्या मनात आहे, मला माहीत आहे.

त्यांच्यासाठी करायचं काय? थोडं दानाचं बोलतो. वडिलांच्या नावानं भांडी द्या, पंगत घाला, चांगलंच आहे. अन्नदानासारखं दुसरं दान नाही. पण एवढंही बघा. आपल्याच वाडीवस्तीवर कुणी असतो, ज्याला वारीला यायचंय, पण भिशी भरायला पैसे नाहीत. गेलेल्या सोबत्याच्या नावानं त्याची भिशी भरा, आणि भरली हे कुणाला सांगू नका. सोबत्याच्या मागे त्याची मालकीण एकटी असेल, तर वारीला निघताना तिच्या दारात जा. ‘येता का, वहिनी?’ एवढं विचारा. यायला जमत नसेल, तर येताना प्रसाद आणि बुक्का तिच्या हातात द्या. शिवाय पालखीचा रस्ता रुंद झाला, तशी सावली कमी झाली. एक झाड लावा आणि तीन उन्हाळे त्याला पाणी घाला.

दानाला पैसा लागतो, आठवणीला तोही लागत नाही. आपल्या दिंडीत एक बाबा होते. दिवे घाट चढताना गूळ-शेंगदाण्याची पुरचुंडी जवळ ठेवायचे. धापा टाकत कुणी थांबला की त्याच्या हातावर चिमूटभर गूळ. बोलायचे काही नाहीत. बाबा गेले, पण घाटात ती पुरचुंडी अजून कुणाच्या ना कुणाच्या कनवटीला असते. कुणी ठराव केला नव्हता. मुक्कामाला म्हाताऱ्याचे पाय चेपताना, पंगतीत शेवटच्या माणसाला वाढून मग बसताना, चहाचा एक पेला जास्त सांगताना गेलेलं माणूस तिथं हजर होतं.

आता मंडळाला एक विनंती. या ग्रंथात वैकुंठवासी वारकऱ्यांची यादी येणार आहे. वहीत ज्यांची नावं आहेत ती येतील. पण चुलीच्या धुरात पहाटे तीनला भाकरी थापणाऱ्या बाया, सामानाच्या गाडीवरचे गडी, मागून कळशी घेऊन येणारी म्हातारी, यांची नावं वहीत कधी आलीच नाहीत. यादीनंतर दोन पानं कोरी ठेवा. घरोघरी ग्रंथ गेला की ज्याला जे नाव आठवेल, ते त्यानं आपल्या हातानं तिथं लिहावं. लिहिता येत नसेल, तर नातवाकडून लिहून घ्यावं आणि त्या माणसाची एक तरी गोष्ट नातवाला सांगावी. नामदेवराय ढिगाऱ्यापर्यंत गेले, आपल्याला चुलीपर्यंत तरी जाता येईल.

उद्या काला आहे. दहीहंडी फुटल्यावर प्रसाद घेताना पहिला घास हातात धरून ज्याला जो सोबती आठवेल, त्याचं नाव मनात घ्या. मग तो घास शेजारच्याच्या मुखात घाला.

बोला, पुंडलिक वरदा हरी विठ्ठल! श्री ज्ञानदेव तुकाराम! पंढरीनाथ महाराज की जय!