निवळ पाण्यात काय असते?

श्रोतेहो, नदीचे गढूळ पाणी हे मिश्रण आणि साखरेचे पाणी हेही मिश्रणच. पण गढूळ पाण्यात तुरटी फिरवली, की गाळ तळाशी बसतो. साखरेचे तसे नाही. पेला रात्रभर ठेवा, वरचा घोट नि तळचा घोट सारखाच गोड! अशा सर्वत्र सारख्या मिश्रणाला समांगी मिश्रण म्हणतात. द्रावण ते हेच.

विहिरीचे निवळ पाणीही द्रावणच बरे का! खडकांतले क्षार त्यात विरघळलेले असतात. यवतमाळ, चंद्रपूर जिल्ह्यांतील काही गावांच्या विंधन विहिरींत फ्लोराइडही आढळले आहे. ते लिटरमागे १.५ मिलिग्रॅमच्या वर गेले, की वाढत्या मुलांच्या दातांवर डाग पडू लागतात. फारच वाढले, तर पुढे हाडेही ताठरतात. ते डोळ्यांना दिसत नाही. फडक्याने गाळले जात नाही. उकळले, तर पाणी आटते, फ्लोराइड मागेच राहते.

तेव्हा शिक्षक बंधुभगिनींनो, वर्गातल्या पुष्कळ मुलांचे दात तपकिरी दिसले, तर 'नीट घासा' एवढेच सांगून थांबू नका. ग्रामपंचायतीला सांगून गावचे पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्या.