वळवाचा फोटो काढायचाय? आधी सेकंद मोजा

एप्रिल-मे महिना, दुपारचे चार वाजलेत, अंगाची लाही लाही होतीय आणि लांब आभाळात फुलकोबीसारखा पांढरा ढग वर चढतोय. अशा वेळी आपल्या कोल्हापूरकरांचा हात आपोआप मोबाइलकडं जातो. आज त्याच फोटोबद्दल बोलूया.

अमेरिकेतल्या मोकळ्या माळरानावर टोर्नॅडोच्या मागं गाडी घेऊन फिरणारे लोक तुम्ही रील्समध्ये बघितले असतील. आपल्याकडं त्याची हौस भागवायला वळीव आहे आणि पन्हाळ्याजवळचं मसाई पठार आहे. सपाट, मोकळं, चारी बाजूंनी आभाळ. फोटोसाठी एक नंबर जागा. पण विजेसाठीही तीच सोपी जागा, कारण तिथं सगळ्यात उंच वस्तू म्हणजे तुम्ही!

तीन वर्षांपूर्वी मी आणि माझा मित्र तिथंच ट्रायपॉड लावून उभे होतो. डोक्यावर ऊन होतं, वीज लांब चमकत होती. मित्र म्हणाला, "अजून लांब आहे रे." मग एकदम गार वारा सुटला. आम्हाला बरं वाटलं. खरं तर तो वारा म्हणजे ढगातून खाली कोसळून पुढं पसरलेली थंड हवा, म्हणजे वादळ दारात आल्याची खूण. थोड्याच वेळात आमच्या मागं वीज पडली. उजेड आणि आवाज एकदमच! पळत खाली आलो. फोटो? सगळे हललेले.

तेव्हापासून मी सेकंद मोजतो. वीज दिसली की मोजायला सुरुवात, गडगडाट ऐकू आला की थांबायचं. तीन सेकंद म्हणजे साधारण एक किलोमीटर. तीसच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. म्हणजे सामान आवरायचं, पक्क्या घरात नाहीतर काचा बंद केलेल्या चारचाकीत बसायचं. झाडाखाली नाही, पत्र्याच्या शेडखाली नाही, बाइकवर तर नाहीच. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर यायचं नाही. पुण्याच्या आयआयटीएमचं 'दामिनी' ॲपही मोबाइलमध्ये ठेवा. जवळपास वीज पडत असेल तर ते सांगतं.

"मला अनुभव आहे" असं कुणी म्हणालं की मला टिम समारस आठवतात. टोर्नॅडोचा अभ्यास करण्यात त्यांनी कित्येक वर्षं घालवली, आणि ते काळजी घेणारे म्हणून ओळखले जायचे. 31 मे 2013 ला ओक्लाहोमातल्या एल रेनोजवळ टोर्नॅडोनं अचानक दिशा बदलली आणि तो फुगत चार किलोमीटरपेक्षा जास्त रुंद झाला. समारस, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग, तिघंही गेले.

मग फोटो काढायचाच नाही का? काढायचा की! पण लांबून. अख्खा ढग फ्रेममध्ये मावतो तो लांबूनच. अंधार पडल्यावर घरातून, खिडकीच्या आत मोबाइल स्टँडवर लावा. प्रो मोड, आयएसओ 100, शटर आठ-दहा सेकंद, फोकस अनंतावर. बटण दाबताना मोबाइल हलू नये म्हणून टायमर लावा. एकामागून एक फोटो घेत राहा, एखाद्यात वीज सापडतेच. दिवसा असेल तर व्हिडिओ घ्या आणि नंतर त्यातली फ्रेम काढा.

वळीव उद्या परत येईल, भावांनो. तो बघायला आपणही पाहिजे. भेटू पुढच्या भागात!