माझ्यावर कोणाची नजर होती?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी काही वक्ती नव्हे. शिक्षण सातवीपर्यंतचे, आणि लग्नापासून सारा काळ वाणगावात संसार सांभाळण्यात गेलेला. तरी आपण बोलायला उभे केलेत, तेव्हा ऐकीव गोष्ट सांगण्यापेक्षा स्वतःवर गुदरलेलीच सांगते.

चार वर्षांपूर्वी माझी खात्री झाली होती की, कोणीतरी माझ्यावर रात्रंदिवस पाळत ठेवून आहे. प्रारंभ अगदी लहान होता. मी अंगणात मिरच्या वाळत घातल्या की समोरच्या वहिनींची खिडकी उघडे. बोईसरला जाताना गाडीत एक बाई माझ्याकडे पाहून मोबाईलवर बोलू लागली. मी मनात म्हटले, ही त्यांचीच. 'ते' कोण, हे मला कधीच सांगता आले नाही. मग मोबाईल पिठाच्या डब्यात गेला, खिडकीला जुनी साडी बांधली, दिवा न लावता स्वयंपाक होऊ लागला. झोप उडाली. हळदीकुंकवाला येणे मी सोडले. आपल्यापैकी काहींना वाटले, हिला गर्व झाला.

या समजुतीपुढे कोणताही पुरावा टिकत नाही. खिडकी उघडी असली तर पाहतात; बंद असली तर फटीतून पाहतात. यजमान समजावू लागले, तेव्हा वाटले, हेही त्यांना सामील. एके दिवशी वहिनींच्या दारात जाऊन मी नको ते बोलले.

पुढे भगत झाले, दोरे झाले, उतारे झाले. पैसा गेला आणि सबंध वर्ष गेले. शेवटी परिचारिका असलेल्या माझ्या भाचीने मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी मला खोटे पाडले नाही. एवढेच विचारले, "बाई, झोप लागते का?" मी तेथेच रडले.

त्यांनी सांगितले की, मेंदूत डोपामीन नावाचे द्रव्य असते. त्याचे प्रमाण बिघडले की साध्यासुध्या गोष्टीही आपल्याच संबंधीच्या वाटू लागतात. बायकांना हा आजार चाळिशीनंतरही होऊ शकतो. गोळ्यांनी प्रथम झोप आली. भीती ओसरायला काही आठवडे लागले. बरे वाटते म्हणून मध्ये मी गोळ्या सोडल्या, तर महिन्याभरात साडी पुन्हा खिडकीवर चढली! आता सोडत नाही.

स्थानकावर कॅमेरे असतात, मोबाईलही आपली माहिती जमवतो, हे खोटे नव्हे. पण ते सर्वांचेच पाहतात. माझ्या एकटीसाठी कोणी बसलेले नाही, हे मला आता कळते.

ठाण्याचे मनोरुग्णालय १९०१ पासून आहे, पण "हिला ठाण्याला पाठवा" ही आपल्याकडे थट्टाच होऊन बसली आहे. त्या थट्टेच्या भीतीने माणसे वेळेवर उपचार घेत नाहीत. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा २००४ सालचा 'देवराई' चित्रपट अवश्य पाहावा. मनाच्या आजाराने घेरलेला भाऊ आणि त्याला सांभाळणारी बहीण त्यात आहे. २०१७ च्या कायद्याने सरकारी आरोग्यसेवेत अशा उपचारांचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ हा 'टेली मानस'चा क्रमांकही आहे. तेथे दिवसा-रात्री केव्हाही मराठीतून बोलता येते व पैसे पडत नाहीत.

माझे मागणे थोडेच आहे. शेजारीण असे काही बोलू लागली तर वाद घालू नका, आणि "हो, खरेच आहे" असेही म्हणू नका. "तुला फार भीती वाटत असेल," एवढे म्हणा व तिला डॉक्टरांकडे न्या. मात्र आधी चौकशी करा. कित्येक बायकांवर घरचेच माणूस किंवा रस्त्यावरचा कोणी खरोखर पाळत ठेवतो. तिला वेडी म्हणणे हा दुहेरी अन्याय होईल.

समोरच्या वहिनी येथे बसल्या आहेत. त्या खिडकी उघडीत, ती उजेडासाठी. वहिनी, त्या दिवशी दारात जे बोलले, त्याची सर्वांसमक्ष क्षमा मागते. आपण त्यानंतरही भाजीची वाटी पाठवणे थांबवले नाही. मी ती भीतीने टाकून देत असे, हेही आज सांगते.