मनातले पाप आणि हातून घडलेले पाप



दिवसभराच्या उकाड्यानंतर चार घटका मोकळ्या हवेत बसावे म्हणून आलेल्या मंडळींपुढे पापाचा विषय काढणे हे फारसे रसिकपणाचे लक्षण नव्हे, हे मी जाणतो. पण हा प्रश्न केवळ पोथीतला नाही. आपल्यापैकी पुष्कळांनी घरातल्या दुखणाइताच्या उशाशी रात्रीच्या रात्री काढल्या असतील. वडील महिनोन्महिने अंथरुणाला खिळलेले असतात, घरच्यांची ओढाताण होत असते, आणि अशा एखाद्या पहाटे मनात चटकन येऊन जाते, 'आता हे सुटले तर बरे.' पुढच्याच क्षणी आपली आपल्यालाच लाज वाटते. वडील गेल्यावर तर तो विचार वर्षानुवर्षे खुपत राहतो. आपण मनाने पितृहत्या केली काय? 'कायावाचामने' हा शब्द आपण सहज उच्चारतो. पण काया, वाचा आणि मन ही तिन्ही एकाच तागडीत घालायची काय? या प्रश्नावर ख्रिस्ती परंपरेने जो दीर्घ विचार केला, त्यातला थोडासा आज आपल्यापुढे ठेवतो.

या विचाराचे मूळ मत्तयाच्या शुभवर्तमानातील पाचव्या अध्यायात, म्हणजे सुप्रसिद्ध डोंगरावरील प्रवचनात आहे. खून करू नये, व्यभिचार करू नये, ही आज्ञा जुनीच होती. येशूने ती हातावरून उचलली आणि अंतःकरणात नेऊन ठेवली. भावावर संतापणाराही न्यायासनापुढे उभा राहील, आणि परस्त्रीकडे अभिलाषेने पाहणाऱ्याने मनात व्यभिचार केलाच, असे तो सांगतो. मार्काच्या सातव्या अध्यायात तर वाद हात धुण्याच्या सोवळ्यावरून निघाला आहे. तेथेही उत्तर हेच की, बाहेरून पोटात जाणारे अन्न माणसाला विटाळत नाही. आतून निघणारे दुष्ट विचार विटाळतात.

या वचनाचे दोन विपरीत अर्थ होऊ शकतात. कोवळ्या मनाचा माणूस म्हणतो, 'विचार आला, म्हणजे मी बुडालोच.' निगरगट्ट माणूस म्हणतो, 'मनाने केलेच आहे, मग हाताने करायला काय हरकत?' पहिला विनाकारण होरपळतो आणि दुसरा निर्लज्ज होतो. विचार आणि कृती एकच मानल्या, की ही दोन्ही फळे पदरात पडतात.

ही अडचण प्रथम बारकाईने पाहिली ती इजिप्तच्या वाळवंटातील तपस्व्यांनी. मोह टाळण्यासाठी ते गाव सोडून निर्जन जागी गेले, आणि तेथे त्यांना आढळले की गाव मागे राहिले तरी मन बरोबरच आले आहे! चौथ्या शतकातील इव्हाग्रियस या तपस्व्याने अशा आठ विचारांची यादी केली: खादाडपणा, कामवासना, लोभ, खिन्नता, क्रोध, साधनेचा कंटाळा, पोकळ प्रतिष्ठेची हाव आणि गर्व. पुढे पश्चिमेकडे ज्यांना सात महापापे म्हणू लागले, त्यांचा उगम या यादीत आहे. पण इव्हाग्रियसने त्यांना 'विचार' म्हटले, 'पापे' म्हटले नाही. त्याचे म्हणणे असे की, हे विचार येणे न येणे आपल्या हाती नाही; त्यांना थारा देणे न देणे मात्र आपल्या हाती आहे.

संत ऑगस्टीन याने हीच गोष्ट शास्त्रशुद्ध मांडली. डोंगरावरील प्रवचनावर त्याने ३९३ च्या सुमारास भाष्य लिहिले. त्यात तो दाखवून देतो की, येशूच्या वाक्यात नुसती इच्छा होण्याचा प्रश्न नाही. अभिलाषा बाळगण्याच्या हेतूने पाहण्याचा प्रश्न आहे. मग तो पापाच्या तीन पायऱ्या सांगतो: सूचना, गोडी आणि संमती. कल्पना मनाच्या दारात येते, ही सूचना. ती हवीहवीशी वाटते, ही गोडी. 'जमले तर करीनच' असे मन ठरवते, ही संमती. पाप पूर्ण होते ते या तिसऱ्या पायरीवर. संधी मिळाली नाही एवढ्याच कारणाने जो थांबला, त्याचे हात स्वच्छ असले तरी मन स्वच्छ नाही.

पण म्हणून सर्व पापे सारखी, असे ऑगस्टीन म्हणत नाही. येशूने तीन मृतांना उठवल्याच्या कथा शुभवर्तमानांत आहेत, त्यांचाच तो दृष्टांत घेतो. याईराची मुलगी घरात मरण पावली होती. हे मनातल्या मनात संमती दिलेले पाप. नाईन गावच्या विधवेच्या मुलाचे प्रेत वेशीबाहेर निघाले होते. हे कृतीत उतरलेले पाप. लाजराला थडग्यात चार दिवस झाले होते; हे सवयीने कुजलेले पाप. मरण तिन्हीकडे आहे; पण मुलीला नुसते हात धरून उठवले, आणि लाजरासाठी थडग्यावरची धोंड बाजूला करावी लागली.

बाराव्या शतकात पीटर अबेलार्ड या पंडिताने हा विचार टोकाला नेला. पाप ते संमतीतच; कृतीने त्यात काही भर पडत नाही, असे त्याचे प्रतिपादन. त्याचे एक उदाहरण हृदयद्रावक आहे. एक गरीब आई थंडीत तान्ह्या मुलाला ऊब मिळावी म्हणून कुशीत घेऊन झोपते, आणि झोपेत ते मूल तिच्याखाली गुदमरते. धर्माधिकारी तिला कडक प्रायश्चित्त देतो. ते तिच्या अपराधासाठी नव्हे, तर इतरांनी सावध राहावे म्हणून. न्यायालय कृती पाहते, ईश्वर हेतू पाहतो, हा त्यातला मुद्दा. सांसच्या धर्मसभेत अबेलार्डच्या अनेक मतांचा निषेध झाला, पण हा मुद्दा मिटला नाही. माझ्या मते त्यात एक उणीव आहे. माझ्या मनातल्या रागाने माझे मन काळवंडते. माझ्या हातातल्या काठीने शेजाऱ्याचे डोके फुटते! पश्चात्तापाने माझे मन धुऊन निघेल, पण त्याची जखम भरणार नाही. कृतीचे वेगळे वजन आहे ते दुसऱ्याच्या दुःखामुळे.

सोळाव्या शतकात तंटा झाला तो याच्याही अलीकडच्या पायरीवर. संमतीवाचून नुसती वासना मनात असणे हेही पापच, असे लूथरचे मत. ती पापातून आली आणि पापाकडे ओढते, पण बाप्तिस्मा घेतलेल्याच्या बाबतीत ती स्वतः पाप नव्हे, असा ट्रेंटच्या धर्मसभेचा १५४६ चा निर्णय.

या वादाची झळ माणसाला कशी लागते, हे जॉन बन्यनच्या आयुष्यात दिसते. इंग्लंडात बेडफर्डजवळ राहणारा हा फुटक्या भांड्यांना डाख देणारा कारागीर. 'ख्रिस्ताला विकून टाक' हा एकच विचार त्याच्या मागे लागला. जेवताना, लाकूड फोडताना, कानांत तेच. तो 'नाही, नाही' म्हणून झगडत राहिला. आणि एका सकाळी थकून 'जायचे तर जाऊ दे' असे मनात आले. झाले! आपण विश्वासघात केला, आता क्षमा नाही, या धास्तीने त्याने दीर्घकाळ नरकयातना भोगल्या. हे सारे त्याने १६६६ साली स्वतःच लिहून ठेवले आहे.

पुढे १६७८ मध्ये 'पिल्ग्रिम्स प्रोग्रेस' निघाले. हरी केशवजींनी १८४१ साली त्याचे मराठी भाषांतर केले, तेव्हा हे पुस्तक आपल्यालाही परके नाही. त्यातला यात्रेकरू मृत्युच्छायेच्या दरीतून चालला असता एक पिशाच मागून येऊन त्याच्या कानात देवनिंदा पुटपुटते, आणि त्या बिचाऱ्याला वाटते, हे माझ्याच मनातून निघाले! स्वतः पोळलेल्या माणसालाच असे लिहिता येते. बरोबर तीनशे वर्षांनी, १९७८ साली, राखमन आणि डी सिल्वा या मानसशास्त्रज्ञांनी दाखवले की, असे नकोसे, भयंकर विचार धडधाकट माणसांच्या मनातही येतात. फरक एवढाच की बहुतेक जण ते सोडून देतात, आणि काही जण त्यांतच गुंतून पडतात. ज्याला ते सोडवतच नाहीत, त्याने डॉक्टरांकडे जाण्यात मुळीच कमीपणा मानू नये.

आता पुन्हा त्या दुखणाइताच्या उशाशी जाऊ. 'सुटले तर बरे' हा विचार आला, ही सूचना झाली. तो येताच आपल्याला लाज वाटली, म्हणजे संमती दिली नाही. आणि मग आपण उठून वडिलांच्या तोंडात चमच्याने पाणी घातले, कूस बदलून दिली, ही आपली कृती. ज्या मनाने तो विचार पाहिला, त्याच मनाने ते पाणी पाजले. हिशेब मांडायचाच तर दोन्ही रकाने मांडा. पण ज्याच्या मनात द्वेष वर्षानुवर्षे गोंजारलेला आहे आणि ज्याला फक्त संधीची उणीव आहे, त्याने मात्र 'मी कुणाचे काय वाकडे केले?' असे म्हणून निजू नये.

दारात कोण येईल हे आपल्या हाती नाही. पाट कुणाला मांडायचा हे आहे.