लेखनाचे प्रतिक्रमण

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त पांढरकवडा येथे झालेल्या व्याख्यानाचा पाठ)



महाराष्ट्रात २००० सालापासून इयत्ता पहिलीतच इंग्रजी शिकविण्यास प्रारंभ झाला. पांढरकवडा परिसरात या विषयाची वाट अधिक कठीण आहे. मराठीसोबत गोंडी, कोलामी, तेलुगू आणि बंजारा बोली बोलणाऱ्या घरांतील मुले येथे एका बाकावर बसतात. त्यांपैकी अनेकांना मराठी हीच दुसरी भाषा. इंग्रजी तिसरी वा चौथी. अशा मुलाने धैर्य करून दहा ओळी लिहाव्यात आणि वही लाल शाईने भरून परत यावी! मूल गुण पाहते, वही मिटते आणि पुढील वेळी गाईडमधील निबंध पाठ करते. चुका कमी होतात, परंतु मुलाचे स्वतःचे सांगणेही संपते. ही हानी लहान नाही.

यावरील उपाय आपल्या परंपरेतच आहे. प्रतिक्रमण म्हणजे मागे वळून पाहणे. श्रावकाच्या बारा व्रतांपैकी प्रत्येकाचे पाच-पाच अतिचार सांगितलेले आहेत. साधक ‘चुका झाल्या’ असे मोघम म्हणून थांबत नाही. एकेक अतिचार आठवून स्वतःस तपासतो. गुरू मार्ग दाखवितात, परंतु हे अवलोकन ज्याचे त्यानेच करावयाचे असते.

लेखनातही पूर्वसूरींनी हीच दृष्टी ठेवली. जुन्या हस्तलिखितांत चुकलेल्या अक्षरांवर पिवळ्या हरताळाचा लेप देऊन शुद्ध अक्षर लिहीत. गळलेला शब्द काकपदाची खूण करून समासात भरीत. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार तेथूनच आला. शोधन हा लेखनाचाच भाग होता. त्यात लाज नव्हती.

विद्यार्थ्याला हे शोधन दोन टप्प्यांत शिकवावे. पहिला टप्पा आशयाचा. ‘माय फादर सोल्ड द कॉटन’ या वाक्यात व्याकरणाची एकही चूक नाही. तरीही कापूस कधी विकला, भाव काय मिळाला, त्या पैशांचे पुढे काय झाले, हे वाचकाला कळत नाही. वर्गमित्राने असे प्रश्न विचारावेत आणि लेखकाने उत्तरे लेखनात घालावीत. या वेळी शुद्धलेखनाला हात लावू नये. जी ओळ उद्या खोडली जाणार, तिची स्पेलिंगे आज सुधारण्यात काय अर्थ?

दुसरा टप्पा भाषेचा. मराठीत ‘ए’ आणि ‘द’ यांसारखी उपपदे नाहीत, म्हणून ती इंग्रजीत गळतात. ‘काल पाहिले आहे’ हे मराठीत चालते, म्हणून ‘आय हॅव सीन हिम यस्टरडे’ असे लिहिले जाते. या चुकांचे मूळ आळसात नाही, मातृभाषेच्या सवयीत आहे. प्रत्येक विद्यार्थ्याने वहीच्या शेवटच्या पानावर स्वतःच्या नेहमीच्या पाच चुका लिहून ठेवाव्यात. लेखन एक दिवस बाजूला ठेवून मोठ्याने वाचावे आणि प्रत्येक वाचनात एकच चूक शोधावी. एखादी चूक होईनाशी झाली की तिच्या जागी दुसरी लिहावी.

शिक्षकांनी चुकीच्या ओळीसमोर समासात केवळ खूण करावी. शुद्ध रूप विद्यार्थ्याला शोधू द्यावे. जे त्याला ठाऊकच नाही, ते अवश्य शिकवावे. पहिला कच्चा मसुदा फाडू न देता पक्क्या लेखासोबत जपून ठेवावा, म्हणजे आपण किती पुढे आलो हे मुलाला स्वतःच्याच अक्षरांत दिसेल. पालकांनीही वहीत गुणांसोबत मुलाने केलेल्या दुरुस्त्या पाहाव्यात.

पुढे नोकरीचा अर्ज किंवा परीक्षेतील उत्तर लिहिताना लाल पेन घेऊन कोणी शेजारी उभे राहणार नाही. तेव्हा कामी येईल ती स्वतःचे लेखन परक्याच्या नजरेने, परंतु क्षमाभावाने वाचण्याची सवय. ती सवय या गावातील प्रत्येक मुलाला लाभो, हीच सदिच्छा.

जय जिनेंद्र!