मुलांचा खेळ आणि पंचाचें कर्तव्य
(महोत्सवी क्रीडादिनीं तरुण पंचांपुढें केलेलें भाषण)



रेवदंडा-कोर्लईच्या या किनाऱ्यावर खेळ म्हटला कीं चुरस आली, आणि चुरशीमागून क्रोधहि येतो. त्या क्षणीं पंचानें काय करावें?

प्रथम अपराधाची प्रत पारखावी. निष्काळजीपणें पाय लागला, तर फ्री-किक पुरे. दुसऱ्याच्या इजेची पर्वा न करतां मुसंडी मारली, तर पिवळें कार्ड. अतिरिक्त बळ वापरलें, तर तांबडें. हीं कार्डें १९७० च्या मेक्सिकोंतील विश्वचषकांत प्रथम आलीं. परभाषी खेळाडूसहि निर्णय कळावा, हा इंग्लिश पंच केन अॅस्टन यांचा त्यामागील हेतु. म्हणून कार्ड दाखवावें, नाचवूं नये.

चारचौघांत दरडावल्यानें मुलगा सुधारत नाहीं, सूडास पेटतो. त्यास बाजूस घेऊन हलक्या पण ठाम आवाजांत समज द्यावी. स्पर्धेनें आधीं ठरविलें असल्यास, २०१७ पासून कुमारांच्या सामन्यांत पिवळ्या कार्डाच्या अपराध्यास एकूण वेळेच्या १० ते १५ टक्के काळ बाहेर बसवितां येतें. मग तो निवळून परततो.

परंतु ज्यानें जाणूनबुजून दुसऱ्याच्या पायावर घाव घातला, त्यास दयेपोटीं आंत ठेवणें म्हणजे दुसऱ्याच्या लेकरावर अन्याय होय. त्याच पायांनीं त्यास उद्यां शाळेची वाट चालावयाची असते.

वडील मंडळींस एक विनंति: रेषेबाहेरून आपण पंचास दिलेली शिवी मुलगा मैदानांत घेऊन जातो. त्यास शिस्त लावण्याआधीं आपण आपली जीभ आवरूं या.