मधुमेह आणि ऑपरेशनची जखम

मधुमेह असलेल्या माणसाचं ऑपरेशन होतं आणि टाके काढायची वेळ आली तरी जखम ओलीच राहते. साखर वाढलेली असली की पांढऱ्या पेशी मंदावतात आणि बारीक रक्तवाहिन्यांतून प्राणवायू कमी पोहोचतो.

जखम भरून येण्यात विजेचाही वाटा असतो. आपल्या त्वचेत मुळातच सूक्ष्म वीजदाब असतो. ती कापली गेली की जखमेच्या दिशेनं क्षीण प्रवाह वाहतो आणि नव्या पेशी त्याच्या रोखानं सरकतात. जर्मन शास्त्रज्ञ एमिल द्यू ब्वा-रेमों यांनी १८४३च्या सुमारास स्वतःच्या बोटावर हा प्रवाह मोजला होता. तोच बाहेरून, सौम्य विजेनं देण्याचे प्रयोग पायाच्या चिघळलेल्या जखमांवर आशादायक ठरले आहेत. मात्र पेसमेकर असेल तर हे टाळतात, आणि घरी तर कुणीच करून पाहू नये.

जखम भरणाऱ्या या नव्या पेशींना जस्तही लागतं. तीळ, हरभरे, अंडी, मासे यांतून ते मिळतं. मनानं गोळ्या घेऊ नका. जादा जस्तानं शरीरातलं तांबं घटतं.

पावसाळ्यात मुंबईतल्या अंधेरी सबवेसारख्या तुंबलेल्या पाण्यात जखमेचा पाय घालू नका. जखम लाल झाली, पू किंवा ताप आला, तर घाटकोपरचं राजावाडी, विलेपार्ल्याचं कूपर, जे जवळ असेल ते पालिका रुग्णालय त्याच दिवशी गाठा.